उजवीकडची शिफ्ट

मी कॉम्प्युटर दुरुस्त करतो. भुताखेताची तक्रार आली, तरी "आधी मशीन बंद करून परत चालू करा" असंच सांगणारा माणूस आहे मी. तेव्हा असली हकीकत रचायला मला ना वेळ, ना हौस.

घडलं ते भरदुपारी. ताईच्या घरी, मागच्या खोलीत.

ताई, माझी थोरली बहीण, जाऊन महिना झाला होता. भाचीचा फोन आला.

"मामा, आईचा कीबोर्ड बिघडलाय. एक अक्षर उमटेल तर शपथ! आणि मला आजच काम पाठवायचंय."

जाऊन बघितलं. बिघाड कसला? ताईचे हात थरथरायचे, म्हणून एक सोय चालू होती. बटण जरा वेळ दाबून धरलं, तरच अक्षर उमटतं. 'टिक' असा आवाज येतो. नुसता धक्का लागला, तर कीबोर्ड काणाडोळा करतो. त्या सोयीशिवाय ताईला एक ओळ धड लिहिता यायची नाही.

"म्हणजे घाई माझ्याच बोटांना?" भाची म्हणाली.

"आपल्या सगळ्यांच्याच." मी सोय बंद केली. "झालं. फी म्हणून चहा टाक."

ती आत गेली.

आणि... कीबोर्डवरची उजवीकडची शिफ्ट खाली गेली.

वर कुणाचं बोट नव्हतं.

ती शिफ्ट आठ सेकंद दाबून धरली, की 'पीं' वाजून बंद केलेली सोय परत चालू होते.

पीं...

बटण अडकलं असेल, म्हणून नखाने उचकटलं. सहज वर आलं. सोय पुन्हा बंद केली.

शिफ्ट पुन्हा खाली गेली... बेताने. जपून.

पीं.

मग... टिक.

पडद्यावर 'प'.

बराच वेळ काहीच नाही.

टिक. 'पि'.

भाची दारात उभी होती. हातात चहाचा कप होता.

"मामा... मला पिल्लू फक्त आई म्हणायची."

टिक... टिक...

'पिल्लू, तुला मी'

आमच्या धंद्यात एक सवय असते. सोय नुसती बंद करायची नाही. शिफ्टने ती चालू व्हायची वाटही बंद करून टाकायची. म्हणजे गिऱ्हाईक परत फोन करत नाही.

माझी पाचावर धारण बसली होती. डोकं थांबलं, हात सवयीने चालले. दोन क्लिक.

शिफ्ट खाली गेली.

आठ सेकंद झाले. सोळा झाले. ती खालीच...

पीं झालंच नाही.

मग ती हळूच वर आली.

"काय केलंस रे?" भाचीने विचारलं.

"दुरुस्त," मी म्हणालो.

लगेच सोय परत चालू केली, सगळं होतं तसं करून ठेवलं. दिवेलागणीपर्यंत आम्ही दोघं पडद्याकडे बघत बसलो. चहावर साय धरली.

एकही टिक नाही.

आता भाची त्या मशीनला हात लावत नाही. बंदही करू देत नाही. तिचं काम ती मैत्रिणीकडे जाऊन करते. मला फोन करते, आधी तब्येत विचारते. मग मुद्द्यावर येते...

"मामा, घाईत तुझ्याकडून अजून काही बंद झालं नाही ना?"

"नाही गं."

खरं म्हणजे, दुसरी क्लिक मी नक्की कशावर केली, ते मला आठवत नाही.