बाईंची शांतता

भुताची गोष्ट म्हटली की लोकांना अंधार लागतो, वारा लागतो, लांबवर रडणारं कुत्रं लागतं. माझ्याकडे त्यातलं काहीच नाही. जे घडलं ते भर दुपारी, खिडकीत ऊन असताना आणि खाली कुणीतरी गाडी धूत असताना घडलं. त्यातली भीती आता थोडी ओसरलीय. लाज मात्र ओसरत नाही. दिवा राहू द्या तसाच, मी जरा सावकाश सांगते.

त्या दिवशी मी शिंप्याकडे बासरीची पिशवी आणायला गेले होते. शाकुहाची म्हणतात तिला, जपानी बासरी. जाड बांबूची, उभी धरायची. वरच्या तोंडाला एक तिरकी धार असते. श्वास त्या धारेवर नेमका पडला तर सूर, नाहीतर नुसती हवा. माझी अजून बरीचशी हवाच होती. शिंपी पिशवी हातात देत म्हणाला, "लाटण्याचे एवढे लाड कशाला, ताई?"

"लाटण्याचा निदान पोळीला उपयोग होतो," मी म्हटलं, आणि दोघंही हसलो.

घरी येऊन कामाला बसले. माझं काम घरातच, एकटीचं. लोक पुस्तकं वाचून रेकॉर्ड करतात, ती मी साफ करते. पान उलटल्याचा आवाज, खाकरणं, खुर्चीची कुरकुर, आणि मुख्य म्हणजे श्वास. वाक्य सुरू करण्याआधी माणूस श्वास घेतो, तो हेडफोनमध्ये फार मोठा वाटतो. तो कापायचा. कापल्या जागी भोक पडतं, आणि ते भोक कानाला खटकतं. म्हणून तिथे त्याच खोलीची शांतता भरायची. हो, प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. वाचणाऱ्याने रोजचं वाचन संपलं की थोडा वेळ गप्प बसून ती रेकॉर्ड करायची, असा नियमच आहे. दिवसभर दुसऱ्यांचे श्वास कापायचे आणि नंतर आपला श्वास पुरत नाही म्हणून बांबूवर चिडायचं, असा माझा दिनक्रम होता.

तेव्हा माझ्याकडे बाईंचं पुस्तक होतं. बाई म्हणजे निवृत्त शिक्षिका, एकट्या राहायच्या. कपड्यांच्या मोठ्या कपाटात खुर्ची आणि माइक ठेवून, दार ओढून घेऊन वाचायच्या. आम्ही कधी भेटलो नव्हतो, फक्त फोन. पण त्यांचा श्वास मी हजारात ओळखला असता. मोठा, तोंडाने घेतलेला, शेवटी बारीक शीळ. माझा निम्मा वेळ तो काढण्यात जायचा. एकदा वैतागून म्हटलंसुद्धा, "बाई, श्वास जरा कमी घ्या ना."

त्या मनापासून हसल्या. "अगं बाळ, या वयात आहे तेवढा तरी घेऊ दे की!"

पिशवी आणली त्या दुपारी बाईंची नवी फाइल येऊन पडली होती. त्यांचं मशीन रेकॉर्ड झालेलं आपोआप माझ्याकडे पाठवायचं. वाचन संपलं, मग नेहमीसारखं, "शांतता घेते हं, बाळ," आणि मग शांतता. एरवी अर्ध्या मिनिटात त्या खोकायच्या. आज नाही. शांतता चालूच राहिली, लांबच लांब, स्वच्छ. मशीन बंद करायला विसरल्या असाव्यात. पण काय शांतता होती ती! एकही श्वास नाही. मी खूश होऊन त्यांना मेसेज टाकला, 'बाई, आज कमाल केलीत. एकदाही श्वास नाही! शेवटी जमलं तुम्हाला.' पुढे हसरा चेहरा.

याच सुमारास आमच्या बासरीच्या मास्तरांनी सांगितलं होतं की वरच्या वर्गात जायचं असेल तर खालचा 'रो' हा सूर एका श्वासात, लांब, रेकॉर्ड करून पाठवा. मास्तर ऑनलाइन शिकवतात. वर्गात मी सगळ्यांत जुनी, आणि माझ्यामागून आलेले वर जाऊन बसले होते. माझा सूर निम्म्यातच मरायचा. मग मी जे करायला नको होतं ते केलं. दोन वेळा वाजवलं, मधला श्वास कापला आणि दोन्ही तुकडे जोडले. सांध्यावर भरायला शांतता हवी होती. माझ्या खोलीच्या शांततेत फ्रिज घुरघुरत होता. बाईंची फाइल समोर उघडीच होती. तिच्यातला एक तुकडा घेतला आणि भरला. हाताला सवयच ती. मास्तरांचं उत्तर एक दिवसाने आलं, 'उद्या दुपारी वर्गात सगळ्यांसमोर वाजवा.'

दुसऱ्या दिवशी वर्गाच्या थोडं आधी बाईंच्या नंबरवरून फोन आला. आवाज तरुण होता.

"मी त्यांची मुलगी. मी दुसऱ्या गावी असते. आई... गेली. परवा दुपारी. कपाटात, माइकसमोर. मला कळायलाच उशीर झाला."

परवा दुपारी. ती लांबलचक फाइलही परवा दुपारचीच होती.

"तुमचा मेसेज वाचला मी," ती म्हणाली.

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं आजवर नुसतं म्हणत आले होते. त्या दिवशी ते खरोखर वाटलं. ती रागावली असती तर सोपं गेलं असतं. ती फक्त म्हणाली, "तिचा आवाज असेल ना तुमच्याकडे? पाठवाल?"

मी तयार प्रकरणं पाठवली. मूळ फाइली काम झालं की मी पुसून टाकते, शेवटचीही पुसली होती. पाचच मिनिटांत तिचा पुन्हा फोन. "ताई, ही आईसारखी वाटतच नाही. ती बोलायच्या आधी... ते कुठे गेलं?"

"मशीन काढतं ते," मी म्हटलं.

मशीन! माझ्याच तोंडून निघालं ते.

वर्ग सुरू झाला. पडद्यावर सगळ्यांचे चेहरे. आजारी आहे म्हणून उठावं असं फार वाटलं, पण मास्तरांनी नाव पुकारलं आणि मी बासरी ओठाला लावली. सूर लागला. बरा लागला. नेहमीच्या जागी छाती रिकामी झाली, आणि आता थांबणार, आता सगळ्यांसमोर शोभा होणार, असं वाटलं तेव्हा...

सूर थांबला नाही.

माझ्या आत काहीच उरलं नव्हतं. पोट पाठीला लागलं होतं. ओठ बांबूवर होते आणि सूर चालू होता. खोलीत डांबरगोळ्यांचा वास आला, बंद कपाट उघडल्यावर येतो तसा. फ्रिज घुरघुरायचा थांबला. खालचं पाणीही थांबलं. मला श्वास घ्यायचा होता, पण घेता येईना, कारण घेण्याची जागाच सापडेना... जिथे तो असायला हवा होता, तिथून मी तो कापला होता. डोळ्यांपुढे काळं यायला लागलं. मग सूर आपोआप मऊ होऊन विझला आणि मी टेबल धरून हवा ओढली. पडद्यावर सगळे टाळ्या वाजवत होते.

मास्तरांनी मला मागे थांबवलं. बाकीचे गेल्यावर मी त्यांना काही विचारूच दिलं नाही.

"मास्तर, मी फसवलं तुम्हाला. ते रेकॉर्डिंग जोडलेलं होतं."

"माहीत आहे मला. सांधा ऐकू आला होता. आज सगळ्यांसमोर तुमची फजिती व्हावी म्हणूनच वाजवायला लावलं." ते थोडे ओशाळले. "तेही बरं नव्हतं माझं. पण आजचा सूर..."

"तो माझा नव्हता."

"का? मध्ये श्वास घेतलात म्हणून? त्यात काय, घेतात सगळेच."

"मी श्वास घेतला नाही, मास्तर."

ते हळूच म्हणाले, "मी ऐकला ना... मोठा होता. शेवटी शीळ."

वर्गाचं रेकॉर्डिंग त्यांनी पाठवलं. मी हेडफोन लावले. सूर निम्म्यावर आला आणि तो आला. मोठा, तोंडाने घेतलेला, ओळखीचा. सांगते कशाची लाज वाटते सगळ्यांत जास्त? भीतीने मी थिजले होते, आणि माझ्या हाताने तेवढ्यात तो श्वास कापण्यासाठी निवडून ठेवला होता. बोट बटणावर होतं.

मी हात मागे घेतला. मुलीला फोन लावला आणि सगळं सांगितलं. मशीन नाही, मीच काढते, हेही. सांध्यात काय भरलं होतं, तेही. तिने शिव्या द्याव्यात म्हणून वाट पाहिली. ती म्हणाली, "ते पाठवा मला. काही कापू नका."

पाठवलं. बराच वेळ गेला. ऊन भिंतीवरून सरकलं, खालची गाडी निघून गेली. मग फोन वाजला. ती रडत होती, पण त्या रडण्यात कुठेतरी सुटकाही होती.

"आईच आहे, ताई. आईच." मग म्हणाली, "मी मोठ्या आवाजावर लावून पुन्हापुन्हा ऐकलं. आईच्या श्वासानंतर जे श्वास येतात ना, बारीक बारीक... एक पुरुष आहे, एक लहान मूल आहे, एक बाई खूप घाईत आहे... ते कोण आहेत? संपतच नाहीत ते."

मी हे काम किती वर्षं करतेय, ते मी तिला सांगितलं नाही.