थांबलेल्या खोक्यांचा कोपरा

मुलांनो, डोळे मिटा आणि एक मोठं गोदाम डोळ्यांपुढे आणा. छतापर्यंत खोकी, दारात ट्रक, पुठ्ठ्याचा वास. आता मधोमध कानामागे पेन्सिल खोचलेली एक मावशी उभी करा. कुठलं खोकं कुठे, सगळं तिला तोंडपाठ! शाळा सुटली की तिची सात वर्षांची भाची, चिमणी, तिथेच गृहपाठ करायची.

एके दिवशी मोबाइलवर काहीतरी टिपत एक चष्मेवाला आला आणि थेट मावशीच्या खोक्यांवर आदळला.

"वाट चुकलात?"

"नाही... संगणकाची नवी व्यवस्था करायला आलोय. कुठलं खोकं कुठे आहे ते पडद्यावर दिसेल."

"मला विचारा की. मी फुकट सांगते."

"तुम्ही रजेवर गेलात तर?"

"मी जातच नाही."

"मग रोज तुम्हालाच विचारतो," तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले.

तीन आठवडे तो विचारत राहिला. खोक्यांना रेघांच्या चिठ्ठ्या लागल्या. यंत्र धरलं की टिंग! मग पडद्यावर निवडायचं – 'आलं' किंवा 'गेलं'. चाचणीच्या दिवशी मात्र बारा खोकी पडद्यावर कुठेच दिसेनात. तो पडदा पुन्हा पुन्हा चाळू लागला. मावशी हसत त्याला खिडकीजवळच्या कोपऱ्यात घेऊन गेली.

"ही काय! पत्ता अर्धवट आहे. पुरा कळेपर्यंत इथेच असतात."

"म्हणजे ना 'आलं', ना 'गेलं'. मग यांना म्हणायचं काय?"

"थांबलीत म्हणायचं. त्यात काय एवढं!"

त्याने तिथेच बसून तिसरा शब्द घातला – 'थांबलंय'.

काम संपलं. पुढचं गोदाम दूरच्या शहरात होतं. आज गेला की इथे परत यायला काही कारणच नव्हतं. तो बॅग घेऊन निरोपाला आला. मावशीने पेन्सिल काढली, पुन्हा खोचली.

"निघतो मग..."

"हं... जपून जा."

दोघंही जागचे हलेनात. गृहपाठ करत बसलेल्या चिमणीने दोघांकडे पाहिलं, उठून बॅगेला एक चिठ्ठी चिकटवली आणि यंत्र धरलं. टिंग! 'थांबलंय'.

तो पडद्याकडे बघतच राहिला. "किती दिवस थांबायचं?"

"पत्ता... पुरा कळेपर्यंत," मावशी पुटपुटली.

"आणि पत्ता तुमच्याच घरचा असावा असं वाटत असेल तर?"

या वेळी मावशीचे कान लाल झाले. "तर... माझ्या आईला भेटायला यावं लागेल. आजच."

"गाडीचं तिकीट रद्द करतो!"

चिमणीने वही मिटली, यंत्र पुन्हा बॅगेवर धरलं – टिंग! – आणि पहिला शब्द निवडला.

'आलं'.