लेकुरवाळीची ओटी

इंग्लंडमधल्या जुन्या चर्चची छपरं तपासणं हे माझं काम. सफकमधल्या त्या खेड्यात माझी बायको वरदा सोबत आली, कारण सातव्या महिन्यात तिला हॅरोच्या घरी एकटं ठेवायचा मला धीर नव्हता. आधी दोनदा मूल पोटातच गेलं होतं.

मी तिला नेहमीप्रमाणे शब्द ऐकवत होतो. लोक बसतात तो नेव्ह, वेदीजवळचा भाग चान्सेल, तुळई पेलणारा दगड कॉर्बेल.

"झालं का लेक्चर?" ती म्हणाली. "मला बसायला जागा दाखव आधी."

चान्सेलच्या फरशीत सपाट पितळी पत्र्यात कोरलेली एक बाई बसवलेली होती. मध्ययुगातलं थडगं. पायघोळ झगा, डोक्यावर कापड, आणि हातावर फडक्यात घट्ट गुंडाळलेलं मूल. वरदाचा पाय तिला लागला. तिनं वाकून पितळेला हात लावला, कपाळाला नेला आणि तशीच थांबली.

"हिची ओटी भरते."

संध्याकाळी इप्सविचला तिच्या मैत्रिणीकडे, देविकाकडे नवरात्राचं हळदीकुंकू होतं, म्हणून गाडीत ईलिंग रोडवरून आणलेला खण, नारळ, तांदूळ होते.

"अगं, ही देवी नाही. ग्रेव्ह आहे."

"लेकुरवाळी आहे ना? मग पुरे."

तिनं ओटी भरली आणि रीतीप्रमाणे त्यातले चार दाणे परत उचलून ओढणीच्या टोकाला बांधले. मला हसू आलं. खरं सांगायचं तर बरंही वाटलं.

चर्चची देखभाल करणाऱ्या जूडिथबाई चहा घेऊन आल्या. फरशीवरचा नारळ पाहून त्यांनी कप तसेच बाकावर ठेवले.

"ते क्रिझम मूल आहे," त्या म्हणाल्या. "बाप्तिस्म्यानंतर महिन्याच्या आत गेलेलं. अशांना बाप्तिस्म्याच्या कापडातच गुंडाळून दाखवायचे. आईसुद्धा त्याच बाळंतपणात गेली."

वरदानं दाणे परत ठेवायला ओढणीची गाठ सोडली. गाठ घट्ट होती. आत काही नव्हतं.

पुढच्या महिन्यात मी एकटाच गेलो. पितळी बाईचे हात रिकामे होते. मूल उचकटल्याची खूण नव्हती. जिथं ते होतं तिथं झग्याच्या चुण्या सलग कोरलेल्या होत्या, तितक्याच झिजलेल्या. मी दोनदा बोट फिरवून पाहिलं.

"मी दर आठवड्याला पुसते ते," मागून जूडिथबाई हळूच म्हणाल्या. "कुणाला सांगू?"

वरदाला मी काही बोललो नाही.

मुलगी झाली. गुटगुटीत, खणखणीत रडणारी. तरी मी रात्र रात्र तिच्या नाकाशी बोट धरून बसायचो. महिना सरेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर येणार नव्हता. वरदाकडे मात्र माझं लक्षच नव्हतं. ती बोलेनाशी झाली होती.

"पाठ गार पडते रे," एकदा म्हणाली. "कितीही ब्लँकेट्स घे. फरशीवर निजल्यासारखं वाटतं."

रक्त तपासलं, सगळं तपासलं. डॉक्टर म्हणाले, एव्हरीथिंग इज नॉर्मल.

महिना पुरा व्हायच्या आदल्या दुपारी मी तांदूळ घेऊन चर्चला गेलो. घेतलेलं परत करायचं, एवढंच डोक्यात होतं. दुसरं काय करणार होतो?

पितळी बाईच्या शेजारी दगडात एक आकार खोदलेला होता.

याला इंडेंट म्हणतात. आधी दगडात आकाराची उथळ खाच, मग तिच्यात डांबर ओतून वर पितळ बसवायचं. जुन्या खाचेच्या कडा काळ्या पडतात. हिच्या पांढऱ्या होत्या, बाजूला ताजा भुगा.

खाच मुलाची नव्हती.

मोठ्या बाईची होती. खांद्यावरून बाजूला आलेली सैल वेणी. गुडघ्यापर्यंतचा कुर्ता. एका बाजूला लोंबणारं ओढणीचं टोक.

मी तांदूळ ठेवले. वरदाला फोन लावला. रिंग वाजत राहिली.

मी खाचेत बोट घातलं. डांबर ओतून झालं होतं. ते अजून कोमट होतं.