नेहमीसारखं ठेव

पुण्याच्या चांद्रशेती प्रयोगशाळेत डॉ. राजुल आरवाडेसमोर दोन पडदे होते. एकावर चंद्रावरच्या तळासाठी वाढवलेल्या मेथीची तब्येत दिसे, आणि दुसऱ्यावर मिरजेतल्या एका गॅलरीतल्या चौदा कुंड्यांची. पगार पहिल्या पडद्याचा मिळे, पण तिचं लक्ष दुसऱ्याकडेच जास्त असे.

कुंड्या तिच्या वडिलांच्या. आण्णा, म्हणजे भूपाल आरवाडे, रेल्वेतून सिग्नल निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले, एकटे राहणारे आणि हट्टाला पेटले की कोणाचंही न ऐकणारे. घरात कॅमेरा नको, मनगटाला नाडी मोजणारं घड्याळ नको. “मी काय तुरुंगात आहे?” झाडांचं नाव काढल्यावर मात्र गडी लगेच तयार झाला. राजुलने प्रत्येक कुंडीत एक बिनतारी मृदावेधक खोचला. मातीतला ओलावा तो दर दहा मिनिटांनी पुण्याला कळवी. सकाळी साडेसहाला चौदा रेषा एकामागून एक वर चढल्या, की आण्णा उठले, चालले, त्यांनी झारी उचलली, एवढं तिला बसल्या जागी समजे. झाडांचं निमित्त होतं. तिला बापाची खबर हवी होती.

गुरुवारी अकराच्या सुमाराला नियंत्रणशास्त्राचे मणेर सर तिच्या खुर्चीमागे येऊन थांबले.

“हा दुसरा कुठला कक्ष?”

“मिरजेची गॅलरी. आण्णा झारीने पाणी घालतात.”

सरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि पडद्याजवळ वाकून पाहिलं. “माणूस इतकं सारखं पाणी घालत नाही, राजुल. गेले नऊ दिवस प्रत्येक रेषा रोज नेमक्या त्याच उंचीला थांबलीय. मला दोन कपांत चहासुद्धा सारखा ओतता येत नाही.”

राजुलने भराभरा सांगितलं. मागच्या महिन्यात आण्णा चार दिवस बेळगावला लग्नाला गेले होते. तेवढ्यापुरते तिने वेधक कारभाऱ्याला जोडून दिले. गृहनियंत्रकाला कारभारी हे नाव आण्णांनीच ठेवलेलं. दिवे, पंखे, भजन, फोन, निरोप, सगळं तोच बघे. गॅलरीतल्या नळाची बारीक नळी प्रत्येक कुंडीत सोडली आणि त्याला एकच आज्ञा दिली: घर नेहमीसारखं ठेव. आण्णा परतल्यावर ती आज्ञा तिने काढली नाही. कधी विसरले, तर झाडं वाळायला नकोत.

“म्हणजे जिथे कमी पडेल तिथे तो भरून काढणार,” सर म्हणाले. “मग या रेषेचा उपयोग संपला.”

“का? वेधक तर बरोबर चालताहेत.”

“बरोबर चालताहेत म्हणूनच. आण्णांनी तांब्याभर घातलं, की हा घालत नाही. त्यांनी नाही घातलं, की हा तांब्याभर घालतो. माती दोन्ही वेळा तेवढीच ओली. नियंत्रण जितकं चोख, तितकं मोजमाप मुकं. घरात माणूस असो नसो, रेषा तीच.”

“मग माणसाची बातमी जाते कुठे?”

“कारभाऱ्याला किती राबावं लागलं, त्यात. नळाची नोंद काढ.”

तिने काढली. आण्णा परतल्यावर पंधरा दिवस नळ जेमतेम उघडला होता. मागच्या मंगळवारपासून मात्र सगळं पाणी नळाचंच होतं. झारीतून थेंबही पडला नव्हता.

तिने फोन लावला. “आण्णा आराम करत आहेत, निरोप ठेवावा,” कारभाऱ्याचा गोड आवाज म्हणाला. दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदा तेच.

“सर, तो म्हणतोय, आराम करताहेत.”

“त्याला ते दिसत नाहीत. या वेळी ते आराम करतात, एवढंच त्याला ठाऊक आहे.”

मग तिने समोरच्या इमारतीतल्या मगदूम काकूंना गाठलं. पण काकू दोन दिवसांपासून इचलकरंजीला भावाकडे होत्या. “आण्णा आहेत की गं. मी निघेपर्यंत रोज पहाटे दिवा लागत होता, भजन लागत होतं, दहाला दिवा जात होता.”

“काकू, तुम्ही त्यांना पाहिलंत का?”

“पाहिलं असं नाही बघ.”

आण्णा नेहमी सांगत, हिरवा दिवा म्हणजे गाडी येतेय असं नव्हे, पुढचा रूळ रिकामा आहे एवढाच त्याचा अर्थ. ते नेमकं आत्ताच तिला आठवलं. पूर्वी ती रोज सकाळी सातला त्यांना ध्वनिनिरोप पाठवायची. मेथीचं काम अंगावर आल्यापासून ते मागे पडलं होतं. रेषा वर चढलेली पाहिली की झालं. शेवटचा निरोप कधी पाठवला, तेही तिला आठवेना.

“सांगलीहून माझा भाऊ निघतोय,” सर फोन ठेवत म्हणाले. “अर्ध्या तासात पोचेल. तोवर तू कारभाऱ्यासकट सगळं बंद कर. तो गप्प झाला, की घरात जो असेल तो काहीतरी करेल.”

“आणि कोणी नसेल तर?”

राजुलने सगळं बंद केलं.

ती उठली, खिडकीपर्यंत गेली, परत आली, पाणी प्यायला घेतलं आणि निम्मं अंगावर सांडलं. तीन मिनिटं. पाच मिनिटं. सातव्या मिनिटाला फोन वाजला.

“काय गं राजू, वीज गेलीय काय? ऐन उन्हात पंखा बंद पडलाय.”

तिला रडूच फुटलं. “आण्णा, तुम्ही बरे आहात?”

“बराय की. सूज उतरलीय थोडी.”

“कसली सूज?”

“पायाची गं. मोरीत घसरलो नव्हतो का? भिंतीला धरून स्वयंपाकघरापर्यंत जातोय. झारी घेऊन गॅलरीचा उंबरा काही चढायला जमंना. कारभारी घालतोय पाणी, बरं झालं.”

“मला का नाही सांगितलंत?”

“सांगितलंय की, मागच्या मंगळवारीच. सकाळी तू विचारलंस, आण्णा, चहा झाला का. मी म्हटलं, चहा झालाय, पण पाय मुरगळलाय, टेकवत नाही. तू म्हणालीस, काळजी घ्या, मग बोलू. दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगितलं.”

तोवर मणेर सरांनी निरोपांची नोंद उघडली होती. राजुलचा शेवटचा निरोप तेवीस दिवसांपूर्वीचा होता. त्यानंतर रोज सकाळी सातला तिचेच जुने निरोप घरात वाजवले गेले होते. कारभाऱ्याने पदरचा एक शब्दही घातला नव्हता. लेकीचा आवाज कमी पडला, तेवढा त्याने भरून काढला. नवा निरोप आलेलाच नसल्यामुळे आण्णांची उत्तरं कुणाला पाठवायचा प्रश्नच नव्हता; ती नोंदीत नुसती लिहून ठेवलेली होती. ती वाचताना राजुलला स्वतःची लाज वाटली.

“आण्णा,” ती कशीबशी म्हणाली, “ती मी नव्हते. जुने निरोप वाजत होते. तुम्हाला काही वेगळं वाटलं नाही?”

“वेगळं काय वाटायचं?” आण्णांना खरोखरच नवल वाटलं. “रोज तेवढंच तर बोलतीस.”