पिल्लाला न्यायला आलेली

"वाघाक भियाव नको गो अनुजा. वाघाक खावक घालणाऱ्या झिलाक भी!" एसटीत चढताना आईनं बजावलं होतं.

पोराला भ्यायचं? मी हसण्यावारी नेलं. ओरोसच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेली मी, प्राणिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला. धामापूरजवळच्या बिबट्यांच्या उपचार केंद्रात इंटर्नशिपला निघाले होते, स्थळ बघायला थोडीच!

आणि फाटकातच तो भेटला. दोन्ही हातांत मांसाच्या बादल्या, म्हणून हनुवटीनंच कडी दाखवत म्हणाला, "जरा उघडतंस?"

"आधी ओळख तरी सांग."

"सिद्धेश. रेडीचो. हंय बिबट्यांचो वाढपी."

हा वाढपीही माझ्यासारखाच विद्यार्थी निघाला, पशुवैद्यकीचा. त्याच आठवड्यात काजूच्या बागेतल्या विहिरीत पडलेलं एक पिल्लू आमच्याकडं आलं. पाय मुरगळलेला, अंगाचं नुसतं मुटकुळं. केंद्राच्या डॉक्टर शर्मिलाताईंचा नियम कडक होता – पिल्लाजवळ एक शब्दही बोलायचा नाही. माणसाच्या आवाजाची सवय लागली, तर ते उद्या माणसांच्या दारात येणार आणि जन्मभर पिंजऱ्यात राहणार.

त्यामुळं आमचं जमलं ते असं... मुक्यानं. मी बाटली धरायची, त्यानं पिल्लू. त्याची एक भुवई वर गेली की पिल्लाचं पोट भरलं. दोन्ही गेल्या की माझ्या नाकाला दूध लागलं! मग बाहेर नळावर हात धुताना सगळं साठलेलं बोलणं फुटायचं.

"आत किती शहाणा असतोस रे!"

"भायर तू माका बोलाक देतंस खंय?"

पाय बरा झाला. विहिरीभोवती मादीची पावलं रोज उमटत होती, म्हणून पिल्लाची पेटी तिथंच नेऊन ठेवली. दार लांबून दोरीनं उघडायचं आणि वाट बघायची. पहिल्या संध्याकाळी ती आलीच नाही. शर्मिलाताई म्हणाल्या, "उद्या शेवटचं बघू. आईनं शोध सोडला, तर याचं घर आता आपलं केंद्रच."

दुसऱ्या दिवशी पेटी मी उचलायची होती. निघता निघता सिद्धेशनं पानात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या हातात ठेवलं. सुरंगीच्या फुलांचा वळेसर! सोनेरी, घमघमणारा. मी तो केसांपर्यंत नेला आणि... तशीच थांबले.

"अरे, वास! पिल्लाला लागला तर?"

त्यानं कपाळावर हात मारला. "मेलंय! आवस म्हणतली, माझा पोर लग्नाक जावन इला!"

कितीही हात धुतले तरी सुरंगी जाते होय? पेटी दुसऱ्यांनी नेली. ताईंनी आम्हा दोघांना वाऱ्याच्या उलट्या बाजूला, लांब जीपमध्ये बसवलं आणि ओठांवर बोट ठेवून गेल्या. मला रडू येत होतं. आपल्यामुळं काही चुकलं तर...

ऊन उतरलं. काजूच्या बुंध्यांमधून ती आली – आधी कान, मग खांदे. पेटीभोवती फिरली. दोरी ओढली गेली, दार वर सरकलं. पिल्लू बाहेर येईना! मी सिद्धेशची बाही घट्ट धरली. तिनं आत डोकं घातलं, हुंगलं... पुन्हा हुंगलं... आणि मानगूट धरून त्याला उचललं. क्षणात दोघंही झाडीत दिसेनाशी झाली.

मी पिल्लूच बघत होते. सिद्धेश हळूच म्हणाला, "आवशीच्या बरगड्यो बघितलंस? शोधून शोधून पोटात काय नाय तिच्या."

त्याच क्षणी मला कळलं... या माणसाला माझा होकार आहे.

"आता बोलू?" त्यानं विचारलं.

"बोल की."

नळावर बडबडणारा हा, जीपच्या काचेवरची धूळ पुसत राहिला. "माका... माका तू होयी. तुका?"

"मला आधी तो वळेसर हवाय. पानात कोमेजायला आणलायस?"

त्यानं तो असा काही माळला, की निम्मी फुलं सीटवर सांडली.

शिक्षण झालं, लग्न झालं, आणि आज आमची लेक सृष्टी चार महिन्यांची आहे. ती झाल्यावर मी सगळ्याला भ्यायले. झोपली तरी मी तिच्या नाकापाशी बोट धरून बसायचे. बघायला येणारे पाळण्यापाशी जायचे, "कोणासारखी गो?" विचारायचे आणि चहा घेऊन परतायचे. मी हसून दाखवायचे. माझ्याकडं नीट पाहिलं ते सिद्धेशनं. "जेवलंस?" म्हणत ताट घेऊन बसला, "तुका बरा नाय आसा" म्हणाला, आणि मला डॉक्टरांकडं घेऊन गेला. त्याचे उपकार मी कुठल्या शब्दांत फेडू?

सगळ्यांच्या घरी असं बघणारं कोणी नसतं. तुमच्या आळीत, नात्यात, कॉलेजातल्या मैत्रिणींत नुकतीच बाळंत झालेली कोणी असेलच. आजच तिच्याकडं जाऊन या ना. बाळ झोपलेलं असू दे. तिच्याजवळ बसा, आणि ती "बरी आहे" म्हणाली तरी लगेच उठू नका.