खुर्ची क्रमांक चव्वेचाळीस

यार्लेदिस आणि एव्हेलिओ यांचं डिसेंबरात लग्न झालं. पाद्रीबुवा होडीतून दोन तास उशिरा आले आणि केक होडीतच राहून पुढच्या गावी गेला. पण याची नोंद संग्रहालयाच्या वहीत नाही, आणि जे वहीत नाही ते घडलेलंच नाही, असा नियम खुद्द यार्लेदिसनेच केलेला. तेव्हा हे लग्न झालंच नाही असं धरून चालू.

सुरुवातीला पाऊस होता. मागदालेना नदीकाठच्या सान बेनिग्नो गावात दुपारी तीनला येतो तसला, न विचारता येणारा आणि अर्ध्या तासात निघून जाणारा. राजधानीहून नेमणूक होऊन आलेली यार्लेदिस नव्या संग्रहालयाच्या दारात उभी होती. संग्रहालय म्हणजे एक लांबट खोली, एक पंखा आणि एक फलक: 'शांततेचं प्रदर्शन आपण सगळे मिळून मांडू. शांतता म्हटलं की आठवते अशी एक वस्तू घेऊन या.' फलक लावून बारा दिवस झाले होते. तोवर दोनच माणसं आली, तीही खोकला दाखवायला. कारण या गावात पंख्याखाली बसणाऱ्या कुणालाही डॉक्टर म्हणतात.

एवढ्यात डोक्यावर पांढरी प्लास्टिकची खुर्ची उलटी धरून एक तरुण धावत आत शिरला.

"आणलीत!" यार्लेदिसचा आवाजच चिरकला. "बसा... म्हणजे, तिच्यावर नको!"

एव्हेलिओ नुसता आडोशाला आला होता. तो तापलेल्या तारेने खुर्च्यांच्या भेगा सांधायचा, आणि ही खुर्ची म्हाताऱ्या तेओफिलाबाईंची, म्हणजे गावाच्या भाषेत दोन्या तेओफिलाची, दुरुस्तीला आलेली. हे सांगायला त्याने तोंड उघडलंही. पण समोर तिच्या पापणीवर पावसाचा एक थेंब अडकला होता — पडेना, सुकेना — आणि तोंड तसंच उघडं राहिलं.

"हिचा शांततेशी संबंध काय?" तिने पेन सरसावलं.

"संबंध? खूप जवळचा, डॉक्टरीणबाई."

"म्हणजे कसा?"

त्याने खुर्चीकडे पाहिलं. ओठावर आलेली थट्टा मागे गेली.

"अकरा वर्षं इथे सहानंतर कुणी दारात बसलं नाही. बंदूकवाले यायचे. कुठल्या बाजूचे, ते विचारायचं नसायचं. मग शांततेचा करार झाला... तरी महिनाभर कुणाची छाती होईना. एका संध्याकाळी एका म्हातारीने खुर्ची बाहेर टाकली आणि बसली. एकटीच. दुसऱ्या दिवशी समोरचे बसले."

"ती खुर्ची ही?"

"हीच," तो म्हणाला, आणि हे खरंच आहे हे त्याच्याही तेव्हाच लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी दोन्या तेओफिला थडकली. यार्लेदिस तिच्याकडेच भाड्याने राहायची. "मेल्या, पाय सांधायला दिली होती, देव्हाऱ्यात बसवायला नाही!" मग तिने खुर्चीवरची चिठ्ठी वाचली. चष्मा लावून परत वाचली. नाक पुसलं. "माझं नाव जरा मोठ्या अक्षरात लिही गं, पोरी."

झालं. आठवड्यात गल्लीने आपापली शांतता आणून दिली. त्रेचाळीस वस्तू. त्रेचाळीसही पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्च्या.

आता घरी बसायला काही उरलं नाही, म्हणून संध्याकाळी गाव संग्रहालयात बसायला येऊ लागलं. यार्लेदिसने 'हात लावू नये' अशी पाटी लावली. लोक हात वर धरून बसू लागले.

एव्हेलिओ तर रोजच यायचा, तार घेऊन.

"ही भेग इतिहास आहे. सांधायची नाही," ती बजावायची.

"ही भेग तोमासकाकांची आहे, डॉक्टरीणबाई. इतिहास नाही, वजन आहे."

"वहीत गेलं की वजनही इतिहास."

"मग माझीही नोंद करा की."

"तुम्हाला कुठे भेग आहे?"

"तीन आठवड्यांपासून... आहे एक."

तिने वहीत काहीतरी लिहिलं आणि लगेच खोडलं. इतकं खोडलं की पान फाटलं.

मग राजधानीचं पत्र आलं. एकाच प्रकारच्या त्रेचाळीस वस्तू म्हणजे प्रदर्शन नव्हे, गोदाम. शुक्रवारी तपासणी. नापसंत ठरल्यास दालनाच्या दाराला सील, आणि कर्मचारीवर्ग शनिवारच्या होडीने परत. कर्मचारीवर्ग म्हणजे यार्लेदिस. पंखा भाड्याचा होता.

एव्हेलिओने पत्र वाचलं.

"शनिवारी?"

"शनिवारी."

"दालनाची किल्ली द्या."

"वस्तू बाहेर नेता येत नाहीत. नियम आहे."

"कुणी केला?"

"मीच..." म्हणत तिने किल्ली त्याच्या तळव्यावर ठेवली. बोटं काढून घ्यायला मात्र जरा वेळ लागला.

शुक्रवारी साडेपाचला तपासणीच्या बाई आल्या. यार्लेदिसने दार उघडलं. खोली रिकामी. फक्त पंखा फिरत होता.

"वस्तू कुठे आहेत?" बाईंनी विचारलं.

तेवढ्यात बाहेरून हाक आली, "अगं पोरी, पाव्हणीला उभं काय ठेवलंयस? कॉफी निवतेय!"

गल्लीत दाराबाहेर एकेक, अशा त्रेचाळीस खुर्च्या मांडलेल्या. प्रत्येकीच्या पाठीला चिठ्ठी, आणि प्रत्येकीवर तिचा माणूस. कुठे डोमिनो, कुठे तळलेले मासे, कुठे जुनं भांडण. तोमासकाकांनी बाईंना आपली खुर्ची दिली आणि ते भेगेला जपायला बजावून उभे राहिले.

"पूर्वी या वेळेला काय करत होता?" बाईंनी कॉफी घेत विचारलं.

"दार लावून पावलं ऐकायचो," दोन्या तेओफिला म्हणाली. "कुणाच्या घरापाशी थांबतायत ते."

बाईंनी कप खाली ठेवला आणि शेरा मारला: प्रदर्शन नियमबाह्य. तथापि गल्लीला दार नसल्याने सील लावता येत नाही. दार मिळेपर्यंत कर्मचाऱ्याने जागा सोडू नये.

यार्लेदिसने तो दोनदा वाचला आणि धावतच घर गाठलं. दाराशी दोन्या तेओफिलाच्या पहिल्या खुर्चीशेजारी एक नवी कोरी खुर्ची होती. तिच्यात एव्हेलिओ, केस ओले करून विंचरलेला. सान बेनिग्नोत पोरीच्या दारात पोराने खुर्ची टाकली की पुढचं बोलावं लागत नाही. तरी चिठ्ठी होतीच: 'क्रमांक चव्वेचाळीस. भेग आहे. सांधू नये.'

"भात करपतोय," म्हणत दोन्या तेओफिला उठून आत गेली. भात करपत नव्हता.

"कोरीच आहे ही," यार्लेदिस म्हणाली. "हिला इतिहास कुठाय?"

"म्हणून तर... बसा ना. आजपासून होईल."

ती शेजारच्या, दोन्याच्या रिकाम्या खुर्चीत बसली. दोन्ही खुर्च्यांचे हात एकमेकांना टेकले. मग त्यांचेही.

"नोंद करू?" तिने हळूच विचारलं. "मग परत नेता येणार नाही हं."

"नियम कुणी केला?"

"मी."

"मग करा."

तेवढ्यात आतून आवाज आला, "आठ वाजले! पोराने उठावं!"

सोमवारी नगरपालिकेत एक अर्ज दाखल झाला. खाली दोन सह्या होत्या:

'मा. नगराध्यक्ष, सान बेनिग्नो, यांस. दोन्या तेओफिला यांच्या दारातील भेटीची वेळ आठ वाजता संपते. त्यामुळे क्रमांक एक व चव्वेचाळीस या वस्तूंची रोज ताटातूट होऊन शांततेचा भंग होतो. सबब, गावात आठ वाजणे तत्काळ व कायमचे बंद करण्यात यावे, ही नम्र विनंती.'