लख्ख काच, उपाशी मिशाळ

माशांच्या दुकानात मी भांडायलाच गेले होते, त्यामुळे समोरचा माणूस पाठमोरा आहे की तोंड करून, हे बघण्यात वेळ घालवला नाही. दारातूनच सुरुवात केली. मुक्या जिवाला उपाशी मारायचा धंदा करता, विकताना गोड बोलता आणि नंतर ओळखही देत नाही... सगळं एका दमात. तो एका मोठ्या टाकीवर वाकला होता, तोंडात रबरी नळी. टाकीतलं पाणी उपसायला नळीतून ओढून घेत होता, म्हणून त्याला उत्तर देता येईना. घाईने वळायला गेला आणि घोटभर हिरवं पाणी घशात गेलं. खोकला, डोळ्यांत पाणी आलं, शर्ट भिजला. मला जरासुद्धा वाईट वाटलं नाही.

"झालं बोलून?" त्याने शेवटी विचारलं. "की पाणी पिऊन परत सुरू करणार? फक्त हे नका पिऊ."

वर हसला. माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

पलीकडच्या गल्लीत मामाचं चष्म्याचं दुकान आहे, आणि काउंटरवर मी असते. दर्शनी भागात माशांची टाकी. नवा चष्मा लावला की मामा गिऱ्हाइकाला टाकीपुढे उभं करतो आणि मिशाळच्या शेपटीवरचे ठिपके दिसतात का, ते विचारतो. मिशाळ म्हणजे तळाशी राहणारा, काळपट, मिश्या असलेला मासा. काचेला तोंड लावून शेवाळ खातो. विकताना या माणसाच्या दुकानातून मामाला सांगितलं होतं की याला खायला घालायची कटकट नाही, काच चाटून जगतो, फुकटात सफाईसुद्धा होते. आणि आता त्या मिशाळचं पोट खपाटीला गेलं होतं, डोळे आत गेले होते. मामा म्हणे, मेला तर दुसरा आणू, त्यात काय. मामाशी मी बोलणंच टाकलं होतं. दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघायचं माझं काम; मी कितीही चिडले तरी जागचा न हलणारा असा मिशाळ एकच होता. माझा त्याच्यावर जीव होता, आणि तो माझ्या डोळ्यांदेखत वाळत चालला होता.

त्या माणसाने सगळं ऐकून घेतलं आणि टाकीची काच कोण पुसतं ते विचारलं. मी, म्हटलं. रोज. आतून आणि बाहेरून. चष्म्याच्या दुकानात वाढलेय, काचेवर बोट उमटलेलं मला खपत नाही.

त्याचं हसू गेलं.

"म्हणजे त्याचं वाढलेलं ताट तुम्ही रोज घासून ठेवता."

खोटं बोलणाऱ्यापेक्षा खरं बोलणाऱ्याचा राग जास्त येतो. मी म्हटलं, हे तुम्ही सांगायला नको होतं? त्यावर तो भांडला असता तर बरं झालं असतं. पण तो म्हणाला, हो, सांगायला हवं होतं. लहान असेपर्यंत शेवाळावर भागतं, मोठा झाला की नाही भागत. वडील गिऱ्हाइकांना जे सांगायचे तेच मीही सांगत आलो, चुकलं. एवढी तयारी करून गेले होते, आणि भांडायला काही शिल्लकच ठेवलं नाही त्याने.

जाताना त्याने मिशाळसाठी खाद्याच्या परदेशी वड्यांची डबी दिली. तळाशी जाणाऱ्या, हिरव्या, महागड्या. त्या तळापर्यंत पोचल्याच नाहीत. टाकीतल्या सोनेरी माशांनी वरच्या वर फस्त केल्या. ज्याच्यासाठी आणल्या तो उपाशी आणि बाकीचे तुंद. मी डबी त्याच्या काउंटरवर आपटून आले. येताना सांगितलं की मासेवाल्याकडून आणखी काय अपेक्षा करायची. तो शांतपणे म्हणाला, मासेवाला बाजारात बसतो, तिथे ओरडलात तर निदान भाव तरी उतरेल.

संध्याकाळी तो स्वतः आला. हातात उकडलेली काकडीची चकती. याहून स्वस्त काही नाही, म्हणाला. चकती पाण्यात सोडली आणि ती थाटात तरंगायला लागली. तो कपाळाला हात लावून बसला. मग मीच खणातली एक जाड, टाकून दिलेली काच काढली, जुन्या भिंगाची, आणि तिच्याखाली चकती तळाशी दाबून बसवली.

"हुशार आहात," तो म्हणाला.

"माहीत आहे मला," मी म्हटलं.

मिशाळ उजेडात खात नाही, म्हणून दुकान बंद करायच्या वेळी दिवे घालवून आम्ही वाट बघत उभे राहिलो. बाहेर पाऊस भुरभुरत होता. रस्त्यावरचा पिवळा उजेड पाण्यातून येत होता, बुडबुडे वाजत होते... आणि त्याचा हात माझ्या हातापासून इतका जवळ होता की मला त्याचाही राग आला. धड लागतही नव्हता, धड लांबही जात नव्हता.

मग तो रोजच यायला लागला. कधी दुधीची फोड, कधी पालकाचं पान, घरात भाजी चिरताना उरलेलं. उरलंसुरलं सकाळी काढायला हवं, नाहीतर पाणी नासतं. म्हणून मामाने त्याला सरळ दुकानाची एक किल्ली देऊन टाकली. एकदा तो मला म्हणाला, माझेही डोळे तपासा. तक्त्यावरचं सगळ्यात मोठं अक्षरसुद्धा त्याला दिसेना. मी काळजीत पडले, आणि हा बाबा बोलता बोलता पार मागच्या भिंतीवरची मामाची बारीक अक्षरातली पाटी वाचून गेला. मी दिवा लावून त्याच्याकडे बघत राहिले.

"डोळ्यांत जवळून बघायची सवय आहे तुम्हाला," तो म्हणाला. "म्हणून म्हटलं—"

"घरी जा," मी म्हटलं. तो गेला. जाताना शीळ घालत होता, चावट.

पण मिशाळ खात नव्हता. चकतीला नुसतं तोंड लावायचा आणि सोडायचा. एका संध्याकाळी तो कुशीवर कलंडला. मी काही बोलले नाही. माझं न बोलणं शेजारी उभ्या त्या माणसाने पहिल्यांदाच पाहिलं असावं.

दुसऱ्या दिवशी दुकानात पाऊल टाकलं, तर मिशाळ काचेला चिकटलेला. गुटगुटीत! मामा आनंदाने सगळ्या गिऱ्हाइकांना दाखवत होता. मी खाली वाकले. माझ्या मिशाळच्या शेपटीच्या टोकाशी एक तुटका ठिपका होता, तो असायला हवा होता. नव्हता.

मी काउंटर तसाच सोडून त्याच्या दुकानाकडे निघाले. संताप संताप झाला होता. मासा बदलून मला फसवलं याचा, आणि फसवणारा तो होता याचा जास्त.

"कुठे आहे माझा?" मी विचारलं.

त्याने कोणता म्हणून विचारलं नाही. मला आतल्या, जवळपास अंधाऱ्या खोलीत नेलं. तिथे एक छोटी टाकी होती, काच हिरवीगार, लगेच पुसायला घ्यावीशी वाटेल इतकी घाण. आत झाडाचं जुनं मूळ, आणि त्याला चिकटलेला मिशाळ. हाडकुळा, पण सरळ.

"तुमच्याकडे सोनेरी मासे त्याला सुखाने खाऊ देत नव्हते," तो म्हणाला. "काल तुमचं तोंड बघवलं नाही मला. वाटलं, मेलाच तर इथे मरेल. तुम्हाला कळायचं नाही, तुम्ही दुसऱ्यावर जीव लावाल."

"आणि तुम्ही रोज संध्याकाळी माझ्या शेजारी येऊन उभे राहणार होतात? हे पोटात ठेवून?"

"तो गेल्यावर मला यायला निमित्त काय उरलं असतं?" तो खाली बघून म्हणाला.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पाण्याचाही मला राग आला.

"ऐका," मी म्हटलं. "मला परस्पर वाचवायचं नाही. तो मेला असता तर मला हाक मारायची, आणि माझ्याबरोबर बसून रडायचं. माझ्या वाट्याचं दुःख तुम्ही लपवून ठेवायचं नाही. प्रेम करायचं तर असं करा, नाहीतर राहू द्या."

त्याने पंपाची नळी उगाच सरळ केली.

"प्रेम... मी म्हटलं नव्हतं," तो हळूच म्हणाला.

"मी म्हटलं. मग?"

त्याने माझ्याकडे बघितलं. या वेळी हसला नाही.

"माझंही आहे. पहिल्या दिवशी घशात पाणी गेलं तेव्हापासून. पण हा जगेल की नाही, मला माहीत नाही. रात्रीपासून दुधी ठेवलाय, त्याला तो शिवलाही नाही. खोटं नाही सांगत."

मला नको असलेलं खरं त्याने पहिल्यांदाच, मी न विचारता सांगितलं होतं. मी स्टूल ओढून टाकीपुढे बसले. तो शेजारी जमिनीवर बसला. मी हात पुढे केला, त्याने तो घेतला. त्याचा हात ओला होता, गार होता.

बराच वेळ काही झालं नाही. मग मिशाळ मुळावरून सुटला, खाली उतरला, दुधीवर जाऊन बसला. त्याचं तोंड हलायला लागलं. तो खात होता. मी अजून रागावलेलीच होते, आणि हात काही सोडवून घेतला नाही.